बाराव्या कपाची कड

सोनं विकणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत. कपबशीला सोनं लावणारा मात्र एकच आहे, आणि तो मी. दुसरा कोणी असल्याचं तुम्हाला कोणी सांगितलं, तर तो माणूस खोटं बोलतोय किंवा माझा नातेवाईक आहे. संपादकांचा फोन आला की बशीरभाई, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामातल्या गमती लिहा, हलकंफुलकं असू द्या. मी म्हटलं, हलकं किती होईल ते सांगता येत नाही, फुटकं भरपूर मिळेल.

नाना पेठेतल्या एका खोलीत आमचं सगळं साम्राज्य. पुढे दुकान, मागे विजेची भट्टी. दुकान सुरू केलं अब्बांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. उस्मानमिस्त्री म्हणून लोक ओळखायचे. ते फुटलेली चिनी मातीची भांडी सांधायचे. गोंद वगैरे काही नाही. धनुकलीच्या दोरीनं फिरणाऱ्या गिरमिटाच्या टोकाला हिऱ्याची कणी, तिनं भांड्याला अर्ध्या जाडीपर्यंत भोक पाडायचं आणि पितळी तारेचा टाका घालून तडा आवळायचा. भोक आरपार गेलं की भांडं गेलं, आणि अब्बांचं एकही भोक कधी आरपार गेलं नाही. त्यांनी टाके घातलेली एक किटली स्वारगेटला गिऱ्हाइकाच्या पिशवीतून पडली आणि तिच्यावरून बस गेली. किटलीला ओरखडा नाही, आणि कंडक्टर अर्धा तास चाक बदलत होता. ही हकिकत मी पन्नास वर्षं सांगतोय. पहिल्यांदा सांगितली तेव्हा सायकल होती, मग रिक्षा झाली. पुणं वाढलं तशी गाडीही वाढत गेली.

मी टाक्यांवर थांबलो नाही, सोन्याकडे गेलो. जुन्या विलायती सेटांच्या कडेला जी सोनेरी रेघ असते ती बहुतेक वेळा खऱ्या सोन्याची असते. मात्र इतकी पातळ, की अख्ख्या सेटाचं सोनं खरवडलं तरी नाकातल्या चमकीचा टवकासुद्धा बुजणार नाही. ते लावायचं बारीक कुंचल्यानं. लावताना काकवीसारखं काळपट दिसतं. गिऱ्हाईक घाबरतं. मग भट्टीत भाजायचं, आणि बाहेर काढल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडानं घासत बसायचं. घासता घासता कधीतरी त्यात दिवा लागतो. मी घासलेल्या कडेत बघून एका न्हाव्यानं दाढी केली होती. बरं, अर्धी केली होती.

सोन्याचे शत्रू कोण? चिंच, राख, घासणी आणि शिकलेली माणसं. कोथरूडच्या एका बाईंनी दसऱ्याला घरातलं सगळं पितळ चिंच-राखेनं उजळलं आणि त्याच ओघात सोनेरी कडेच्या सहा ताटल्याही. ताटल्या कशा, दुधासारख्या झाल्या. बाई येऊन मलाच सांगतात, "सोनं खोटं होतं वाटतं." मी म्हटलं, "खरं होतं म्हणून गेलं. खोटं असतं तर चिकटून बसलं असतं." खराडीहून एका मुलाचा फोन आला की अंकल, आजीचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर आत लायटनिंग होतंय, इज इट नॉर्मल? मी म्हटलं, नॉर्मल आहे, आजी रागावली आहे.

पण माझी खरी विद्या वेगळी. मी कप वाचतो. कपाचा कान उजव्या हातात धरला की ओठ कडेला एका ठराविक जागी टेकतात. वर्षानुवर्षं तिथंच टेकतात, आणि तिथलंच सोनं उडतं. डावऱ्या माणसाच्या कपाचं टक्कल बरोबर समोरच्या बाजूला पडतं. बशीत ओतून पिणाऱ्यांचा कप नवाकोरा राहतो, बशी झिजते. एकदा एका साहेबांच्या सेटावरून मी सहज बोलून गेलो की तुमच्या घरात दोन डावरे दिसतात. साहेब म्हणाले, छे हो, मी एकटाच. शेजारी उभ्या बाईंचा चेहरा मी पाहिला आणि लगेच म्हटलं, माझंच चुकलं, चष्मा बदलायला झाला. तेव्हापासून कप वाचतो, पण मनातल्या मनात.

आता ज्यासाठी पेन हातात घेतलं ते लिहितो.

डेक्कनच्या बाजूला एका डॉक्टरसाहेबांचा बंगला होता. आडनाव लिहीत नाही. पुण्यात आडनाव लिहिलं की दुसऱ्या दिवशी खुलाशाचं पत्र येतं. डॉक्टरसाहेबांना कुठल्याशा संस्थानिकानं उपचारांवर खूश होऊन बारा माणसांचा चहाचा सेट दिला होता. गडद निळा पट्टा, त्यावर सोनेरी वेल, आणि कडेला बोटभर सोनं. बोटभर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं, पण अब्बा बोटभर म्हणायचे. त्यातल्या एका कपाचा कान तुटला, म्हणून अब्बांना बोलावणं आलं. अब्बांनी तीन टाक्यांत कान बसवला. डॉक्टरसाहेबांनी कप काठोकाठ भरून, कानाला धरून उचलला, हलवून पाहिला आणि म्हणाले, "मिस्त्री, आजपासून हा कप तुमचा. या घरात याला दुसरं कोणी तोंड लावणार नाही."

त्या दिवशी अब्बा घरी आले ते जमिनीपासून वीतभर वर चालत. पुढे वीस-बावीस वर्षं त्या बंगल्यात दर आठवड्याला त्यांचं काही ना काही काम निघायचं. काच, कुलपं, घड्याळं, झुंबर, मोडेल ते. आणि दर वेळी चहा त्या कपातून. मोहल्ल्यात दुसऱ्या कोणाला कुठल्या बंगल्यात सोन्याच्या कपात चहा मिळत होता? अब्बांनी ती गोष्ट सांगून सांगून अशी वाढवली की कडेचं सोनं आधी कपभर पसरलं, मग बशीवर उतरलं, मग चांदीचा चमचा आला, आणि शेवटी शेवटी स्वतः डॉक्टरसाहेब साखर ढवळून द्यायला लागले. माझी थोरली बहीण, आपा, हे तोंडाचा आ करून ऐकायची. तिचं लग्न ठरवताना पाहुण्यांना पहिली गोष्ट सांगितली गेली ती हीच, की मुलीचे वडील सोन्याच्या कपात चहा पितात. आपानं ती सासरी नेली, मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली. तिच्या घरी भिंतीवर अब्बांचा फोटो आहे आणि प्रत्येक नव्या माणसाला फोटोखाली उभं करून ती कपाची गोष्ट ऐकवते.

माझा खोटं बोलण्याचा हात अब्बांकडून आलाय, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

तीन वर्षांपूर्वी दुकानात वृंदाताई आल्या. डॉक्टरसाहेबांची धाकटी मुलगी. माझ्याच वयाच्या, म्हणजे आता सत्तरीच्या. बंगल्याच्या जागी इमारत झाली होती आणि तळमजल्यावर डॉक्टरसाहेबांच्या आठवणीचं एक दालन करायचं होतं. दवाखान्याच्या वस्तू, मानपत्रं, पगडी, आणि हा सेट. झिजलेलं सोनं पुन्हा लावून बाराही कप चकचकीत करून द्यायचे. ड्रायव्हरनं खोकं आत आणून ठेवलं. मला म्हणाल्या, "बशीरभाई, याला तुमच्याशिवाय दुसरं कोण हात लावणार? मिस्त्री आमच्या घरातलेच होते."

मी एकेक कप वर्तमानपत्रातून सोडवून काढत गेलो आणि त्यांची करमणूक म्हणून वाचत गेलो. हा डावरा. हा फुंकर मारून पिणारा. या कपातून लिपस्टिकवाल्या पाहुण्या प्यायल्या. वृंदाताई हसत होत्या, नावं सांगत होत्या. अकरा कप झाले. बाराव्याच्या कानाला तीन पितळी टाके होते.

अब्बांचा टाका मी अंधारात बोटानं ओळखीन. टाक्याची टोकं ते तिरकी घासायचे, ओठाला किंवा बोटाला बोचू नयेत म्हणून. अख्ख्या बालपणाची गोष्ट माझ्या तळहातावर बसली होती आणि चहाच्या एका कपाएवढीच होती. मी कडेवरून अंगठा फिरवला.

सोनं नव्हतं. एका जागी टक्कल नव्हतं, अख्खी कड गोल उघडी होती. कडेच्या माथ्यावर बारीक, गोल गोल ओरखडे होते. असे ओरखडे ओठांनी पडत नाहीत. अब्बांच्या ओठांत एवढी ताकद असती तर त्यांना धनुकली लागली नसती. भांडं पालथं घालून खरखरीत दगडावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं, असं वर्षानुवर्षं केलं की कड अशी झिजते. बाकीचे अकरा कप कपाटात, कागदावर, सुलटे राहिले होते.

मी विचारलं, "ताई, हा कप ठेवत कुठे होता?"

"मिस्त्रींचा ना? मागच्या दाराच्या पायरीवर. शहाबादी फरशीची पायरी होती बघा. पिऊन झालं की ते स्वतःच नळावर विसळायचे आणि पालथा घालायचे. कधी सांगावं लागलं नाही त्यांना." आणि मग त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "चहा मी द्यायचे. माझंच काम होतं ते. वरून ओतायचे, एवढ्या हातभर उंचीवरून. एक थेंब बाहेर जायचा नाही. मिस्त्री म्हणायचे, ताईंचा हात कारागिराचा आहे."

ज्यांना हे ठाऊक नाही, त्या तरुण वाचकांसाठी सांगतो. कित्येक घरांत काही माणसांसाठी वेगळा कप असायचा. आमच्यासारख्यांसाठी आणि आमच्याहून खाली मोजलेल्यांसाठी. त्यानं तोंड लावलेलं भांडं घरातल्या भांड्यांत मिसळायचं नाही, म्हणून कप बाहेर. ओतणाऱ्याचं भांडं त्या कपाला लागायचं नाही, म्हणून धार वरून. साधारणपणे या कामासाठी कानतुटका कप काढत. आमच्या अब्बांचं कौशल्य असं, की तुटका कान त्यांनी स्वतःच जोडून दिला. आणि डॉक्टरसाहेबांचं ते वाक्य? या घरात याला दुसरं कोणी तोंड लावणार नाही. आयुष्यभर मी ते अब्बांनी फुगवलेलं वाक्य समजत होतो. त्यांच्या सबंध गोष्टीत तेवढं एकच वाक्य जसंच्या तसं होतं.

मी म्हटलं, "ताई, हा कप वेगळा होता."

"वेगळाच हो. खास मिस्त्रींचा."

मग मी त्यांना कड दाखवली. ओठांची झीज कशी असते, दगडाची कशी असते, सगळं नीट सांगितलं. इतकं सरळ मी आयुष्यात बोललो नव्हतो. एकाला दोन केलं नाही, सायकलीची रिक्षा केली नाही. वृंदाताई ऐकत होत्या आणि मग हसायला लागल्या. "तुम्ही म्हणजे ना बशीरभाई. हे तुमच्या त्या स्वारगेटच्या किटलीसारखं का?"

पन्नास वर्षं थापा मारून मी हे कमावलं होतं.

मी खोक्यातून बाराव्या कपाची बशी शोधून काढली आणि कपाशेजारी ठेवली. अकरा बशा झिजलेल्या होत्या. ही नवीकोरी. वेलीच्या पानाचं टोकसुद्धा पुसलेलं नाही. कप बाहेर गेला होता, बशी आत कपाटात राहिली होती. अब्बांना बशी कधी दिलीच नव्हती.

वृंदाताईंचं हसू थांबलं. त्यांनी बशी उचलून उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाल्या, "मी नऊ वर्षांची होते, बशीरभाई."

"ठाऊक आहे."

"मिस्त्री नेहमी हसत असायचे हो."

तेही खरं. अब्बा हसायचे.

मी म्हटलं, मला मजुरी नको, हा एक कप द्या. त्यांनी पदर सारखा केला, पर्स उघडली, मिटली. म्हणाल्या, कप द्यायला काहीच नाही, पण दालनाच्या यादीत बाराचा सेट लिहिला गेलाय, एक कमी झाला तर सेट अपुरा होईल. जो कप बावीस वर्षं सेटात धरला नव्हता, त्याच्यावाचून आता सेट पुरा होत नव्हता. मी म्हटलं, "तेव्हा अकराचाच होता ना?" त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.

अकरा कपांना मी सोनं लावलं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम म्हणा. बाराव्याला लावलं नाही. ताईंनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, की टाके घातलेलं भांडं भट्टीत घालता येत नाही, आधी टाके काढावे लागतील. ही अडचण खरी होती, पण माझं कारण ते नव्हतं. थंड सोन्याचा वर्ख चिकटवून ती कड मला सहज झाकता आली असती. मी ती मुद्दाम उघडी ठेवली. अकरा झगझगीत कपांच्या रांगेत ते टक्कल बघून कोणीतरी विचारेल की याला काय झालं? माझ्यावर विश्वास नसेल तर कपावर ठेवतील. फार मोठी अक्कल लढवल्यासारखं वाटत होतं मला.

दालनाच्या उद्घाटनाला मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी घरून ठरवून निघालो होतो की आज सांगायचं. त्या पायरीच्या जागेवरच माइक असेल, तिथंच सांगायचं. फक्त एक गोष्ट हिशेबात धरली नव्हती. आपाला कोणीतरी आमंत्रण दिलं होतं. कात्रजहून दोन बस बदलून, गुडघ्यांना पट्टे बांधून, ईदचा दुपट्टा घेऊन ती पहिल्या रांगेत येऊन बसली होती. सोन्याचा कप बघायला. जन्मभर जो फक्त ऐकला तो.

मी उभा राहिलो. आपाकडे पाहिलं आणि अब्बांची गोष्ट सांगितली. तीच, डॉक्टरसाहेब साखर ढवळतात ती. चमच्यावर मी माझ्याकडून एक मोरही बसवला. लोक हसले, टाळ्या पडल्या. वृंदाताईंनी मला गुलाबाचं फूल दिलं. देताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, फुलाकडे बघत होत्या.

मग सगळे काचेच्या कपाटाशी गेले. बारा कप ओळीनं, प्रत्येक बशीवर. बाराव्यालाही त्याची बशी मिळाली होती. त्याच्यासमोर एक कार्ड उभं केलं होतं. आपाला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं: "घराण्याचे स्नेही उस्मानमिस्त्री यांच्यासाठी खास राखलेला कप. त्यांच्या ओठांनी झिजलेली ही कड त्या जिव्हाळ्याची साक्ष आहे."

कप बोलला नाही. त्याच्या वतीनं कार्ड बोललं.

आपानं काचेला नाक लावलं. बराच वेळ ती कड बघत राहिली. आमच्या घरातली बोली दख्खनी, इथं मराठीत लिहितो. तिनं विचारलं, "बशीर, एवढं सोनं ओठांनी जातं?"

सगळ्या पुण्यात या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारा एकच माणूस, आणि तो मी.

"जातं," मी म्हटलं. "अब्बा चहा फार सावकाश प्यायचे."

आपानं मान डोलावली. हे सांगायला हवं, की लग्नानंतर तीस वर्षं तिनं बंगल्याबंगल्यांतून ब्लाउज शिवून दिले. मापं घ्यायला जायची, एकेका घरी दुपारभर बसायची, कापड बेतायची. तिथल्या गोष्टी तिनं कधी सांगितल्या नव्हत्या. आम्हीही कधी विचारल्या नव्हत्या.

ती काचेपासून बाजूला झाली, दुपट्टा डोक्यावर नीट घेतला आणि माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "माझाही होता एक. त्याला सोनं नव्हतं."